दगडी वाडग्याला लागलेलं तेल

मुरगूडजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पुरातत्त्वाचं खोदकाम चालायचं. बाकीच्या बायका मातीच्या पाट्या उचलत. तानाबाई मात्र टेबलाशी बसून खापरं धुवायची. तीन हंगामांत तिच्या हातून एका खापराची कड झडली नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला खोदकाम चालवणाऱ्या पुण्याच्या श्रुती मॅडम 'ताई' म्हणत, आणि त्या एका शब्दावर ती मान ताठ ठेवून घरी जायची.

१९९८च्या माघात मऊ दगडाचा अख्खा वाडगा निघाला. राखाडी, नखानं ओरखडा उठेल असा, आतून काळं पुट धरलेला.

"ताई, याला पाणी लावायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "यात काय शिजत होतं ते या पुटातून प्रयोगशाळेत कळेल."

तानाबाईनं पाणी लावलं नाही. पण तिचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, चुलीवर असलीच दगडाची भांडी असत. कोरडी पडली की तडकतात, म्हणून अव्वा त्यांना आतबाहेर तेल चोळायची. इथं वाडगा उन्हात पडलेला, काठाला केसाएवढी चीर. तानाबाईला बघवेना. तिनं भाकरीच्या फडक्यातली बाटली काढली आणि शेंगतेलाचं बोट वाडग्यावरून फिरवलं. दगडानं तेल पिऊन टाकलं. मागमूस राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याला न्यायला मॅडम वाडगा खोक्यात बांधताना कुणाला तरी सांगत होत्या, "तेलाचा एक थेंब असला तरी यंत्रात दिसतो."

तानाबाईच्या हातातला ब्रश थांबला. ती मुकादम बाळासोकडं गेली.

"त्या वाडग्याला म्या त्याल लावलंय."

बाळासोनं आजूबाजूला बघितलं. "कुणाला सांगितलंयस?"

"न्हाय."

"मग गप ऱ्हा की. जीप गेली की सुटलीस. सांगशील तर उद्यापासनं पाटी डोक्यावर घ्यायची."

"आन मॅडमनी छापलं, जुनी माणसं त्याल खात हुती म्हणून?"

"खात असतील. तू वाढाय गेलतीस व्हय त्यांना?"

जीप सुरू झाली. खोकं मागच्या सीटवर होतं, मॅडम पुढं बसल्या होत्या. तानाबाई चालत गेली आणि तिनं दार धरलं.

"मॅडम, खोकं उतरवा."

सांगून झालं, तसा ड्रायव्हरनं गाडी बंद केली. मॅडमनी खाली उतरून खोकं उघडलं.

"आतून किती लावलंत?"

"समदीकडं. बोट पोचलं तितकं."

"यंत्रात तेल दिसलं असतं," मॅडम हळू म्हणाल्या, "आणि मी लिहिलं असतं, दोन हजार वर्षांपूर्वी यात तेलातलं शिजत होतं. कुणाला शंकाही आली नसती. एकदा विचारायचं होतं, ताई."

'ताई' हा शब्द तोच होता, पण आवाज निराळा. मॅडमनी वहीत तेल, तारीख आणि तानाबाईचं नाव लिहून तिचा अंगठा घेतला. पुटाची तपासणी रद्द झाली. दगड कुठल्या खाणीतला ते तेलानं बदलत नाही, म्हणून बुडाची एक कपची तेवढी पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी कुणी सांगण्याची वाट न बघता तानाबाईनं पदराची चुंबळ केली आणि पाटी उचलली. बाळासो हसला, तिनं बघितलं नाही. हंगाम संपेपर्यंत ती माती वाहत राहिली. येता-जाता तिची नजर टेबलाकडं जायची. तिच्या जागी मॅडमनी दुसरी बाई बसवली नव्हती. संध्याकाळी काम सुटलं की त्या स्वतःच तिथं खापरं धूत बसत.