ढगाआडचा उपग्रह

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत संगणकाच्या कंपन्यांतली तरुण मंडळी राहायला आली. त्यांतला एक शेजारी ऑफिसातल्या इंटरनेटवरून उपग्रहांच्या वेळा आणि दिशा काढून आणी. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. तेव्हा गच्चीवर जमणाऱ्यांना आकाश दाखवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

ओळखण्याची रीत सोपी आहे. जो ठिपका लुकलुकत नाही, ज्याला विमानासारखे तांबडे-हिरवे दिवे नाहीत आणि जो एकाच गतीने सरकतो, तो उपग्रह. त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. सूर्य आपल्यापुरता मावळलेला असतो, त्याच्यापुरता नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो भर आकाशातच विझतो. हे मी इतक्या वेळा सांगितले होते की डोळ्यांपुढे धुके दाटू लागले, तरी बोलण्यात खंड पडला नाही. मी हिशेबाने बोट दाखवी आणि मंडळींना उपग्रह दिसे.

वैशाखातल्या एका संध्याकाळी शेजाऱ्याने वेळ झाल्याचे सांगितले. मी हात उंचावला. "तो पाहा, स्वातीच्या खालून चालला आहे." स्वाती मला दिसत नव्हती, ती तिथे असायला हवी, एवढेच मला ठाऊक होते.

"हो, दिसला," दोघे-तिघे म्हणाले.

"सर," पहिल्या मजल्यावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तिकडे सगळा ढग आहे. तुम्हाला ढगातून दिसत असेल, तर युक्ती आम्हालाही सांगा."

कोणी हसले नाही, तेच जड गेले. 'दिसला' म्हणणारे खाली पाहू लागले. ती माणसे खोटे बोलणारी नव्हती. माझ्या शब्दाखातर त्यांनी नसलेली वस्तू पाहिली होती. आणि स्वतः पाहिल्याशिवाय निरीक्षण लिहू नका, असे मी वर्गात जन्मभर बजावले होते. "आता सावलीत गेला तो," मी पुटपुटलो. बोट दाखवण्यापेक्षा या वाक्याची लाज मला आजही अधिक वाटते.

मी खाली निघालो, तेव्हा मागून आलेल्या पत्नीने जिन्यात माझा हात धरला. "किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

"अहो, मग सांगायचं नाही का? मोतीबिंदू काय एकट्या तुम्हालाच होतो?"

"सांगितलं असतं, तर गच्चीवर मला कोण बोलावणार होतं?"

"आणि आजच्यानंतर कोण बोलावेल?"

मी पायऱ्या परत चढलो. मंडळी सतरंज्या गुंडाळत होती.

"मला ढगही दिसला नाही," मी म्हणालो. "गेले कित्येक महिने मी अंदाजानेच दाखवतो आहे."

मग पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी हातातली सतरंजी पुन्हा पसरली. "बसा सर. काही दिसलं तर आम्ही सांगू."

मी बसलो. मान वर करण्याचे धैर्य मात्र बराच वेळ झाले नाही.