शोभाचे डोळे

काल विनोद-शोभाच्या घरी कुणीतरी हिरवट संत्रं सोललं आणि त्या तिखट वासानं मी चाळीस वर्षं मागे, सौंसरच्या आमच्या बागेत गेले.

विनोद दुसऱ्या दिवशी कॉलेजसाठी नागपूरला जाणार होता. तो मला आवडतो, हे मी फक्त मैत्रिणीला, शोभाला सांगितलं होतं. संध्याकाळी तो बागेत निरोप घ्यायला येईल, तू येऊ नको, असंही बजावलं होतं. तरी ही बया पावडर लावून माझ्याआधी हजर. मी झाडाचं कच्चं संत्रं तोडलं आणि त्याची साल तिच्या डोळ्यांपुढे करकचून पिळली. डोळे लालभडक झाले, धारा लागल्या. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात विनोद आला आणि तिच्याकडे पाहतच राहिला.

"माह्यासाठी रडून राहिली का व तू?"

ओढणीनं डोळे टिपत शोभा म्हणाली, "नाही तं काय."

माझ्या कोरड्या डोळ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.

लग्नानंतर हीच गोष्ट तो सगळ्यांना कौतुकानं सांगत आला. कालही नव्या सुनेला सांगत होता. मी एक संत्रं उचललं. शोभानं गुपचूप चष्मा लावला.