भाऊजींच्या फोनमधला दुसरा अंगठा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अड्याळला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे बसून एक गोष्ट कळली — भूत फोनमध्ये नसतं, फोन वापरणाऱ्याच्या डोक्यात असतं. "बायकोचा फोन खोलून दे ना" म्हणत इतके जण येतात की विचारू नका. मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरंय. पण हा रोग माझ्याच बहिणीच्या घरात शिरला, तेव्हा मात्र मला तो हाकलता आला नाही.

सुनंदाबाई माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिला दिलं जवळच्याच एका गावात, नाव मुद्दाम देत नाही. भाऊजी गावच्या तलावात मासेमारी करतात. आम्हीही ढीवरच, फक्त मी जाळं सोडून स्क्रू-ड्रायव्हर धरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मभर जाळं ओढून आणि पाण्यात राहून आमच्या माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजून जातात. राशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, तसा फोनवरही लागत नाही. पिन कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आमच्याकडे सरळ पद्धत आहे — फोन नवऱ्याचा, अंगठा बायकोचा. भाऊजींच्या फोनमध्ये मीच बाईचा अंगठा टाकला. पिन मीच ठेवला आणि कोणालाच सांगितला नाही, कारण सांगितला की तो गावभर होतो. फोननं मधूनच पिन मागितला की तो माझ्या दुकानात येतो. तलावावर गेले की भाऊजी फोन प्लास्टिकच्या पन्नीत बांधून पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, झाडाला लटकवतात. व्यापाऱ्याचा फोन आला तर उचलता येतो, त्याला कुलूप आड येत नाही. पण तिथून स्वतः फोन लावायचा तर बाईचा अंगठा हवा... आणि बाई घरी.

तरीही फोन यायला लागले. सकाळी भाऊजी तलावात असायचे आणि बाईच्या साध्या फोनवर त्यांचं नाव दिसायचं. उचलला की पलीकडून कोणी बोलायचं नाही. नुसतं पाणी वाजायचं, कमरेएवढ्या पाण्यातून माणूस चालताना वाजतं तसं. भाऊजी घरी आल्यावर तिनं विचारलं, "फोन काहून केला होता?"

"कोनाच्या अंगठ्यानं करू?" भाऊजी म्हणाले.

तिच्याच अंगठ्यानं फोन खोलून पाहिला, तर त्यातून खरंच कॉल गेलेला. झालं, भाऊजींच्या डोक्यात किडा शिरला. बाईनं कोण्या दुसऱ्याचा अंगठा यात टाकलाय, तो पाळीवर येतो आणि माझ्याच फोनवरून हिच्याशी बोलतो, असं त्यांचं म्हणणं. असा माणूस नवऱ्याच्याच फोनवरून कशाला बोलेल, हे विचारायला संशयी डोक्यात जागा नसते.

एका दुपारी भाऊजींनी बाईला गाडीवरून आणून माझ्या दुकानापुढे उतरवलं. "पिन तुलेच माहीत हाये. तू बी सामील असशीन. आता ठेव तुही बहीन तुह्याजवळ."

बाई रडली नाही. दुकानामागेच आमचं घर आहे, तिथे जाऊन बसली. मला मात्र भयंकर राग आला. तिचा संसार माझ्या काउंटरवर मोडायला आला होता.

"थांबा भाऊजी," मी म्हटलं. "कोनाचा अंगठा आहे ते फोनच सांगन."

पिन टाकून सेटिंगमध्ये गेलो. मी एकच अंगठा टाकला होता... तिथे दोन होते. पिनशिवाय दुसरा टाकताच येत नाही. मी सेटिंग बंद करून पुन्हा उघडलं, तरी दोनच.

या फोनमध्ये एक सोय आहे. ठशांची ही यादी उघडी असताना सेन्सरवर बोट ठेवलं की यादीतला जुळणारा ठसा उजळतो. बाईला बोलावून तिचा अंगठा ठेवला, पहिला उजळला. माझा ठेवला, काही नाही. भाऊजींसोबत जाळं ओढणाऱ्या दोघांना बोलावून घेतलं. ते हसतच आले, अंगठे लावले, काही नाही. त्यातला एक म्हणाला, "अन् हा तं सकाळभर आमच्यासंगच पान्यात रायते. बाहेर कुठं निंगते?"

राहिले एकटे भाऊजी. "तुमचा बी लावा," मी चिडूनच म्हटलं. त्यांनी लावला आणि दुसरा उजळला.

मी त्यांचा हात ओढून पाहिला. सगळ्या बोटांवर रेघा होत्या, ठसठशीत, जन्मात पाणी न लागल्यासारख्या. फोन घेतला तेव्हा हीच बोटं मी याच काउंटरवर पुसून-पुसून लावून पाहिली होती. तेव्हा त्यांवर रेघ म्हणून नव्हती.

आणि भाऊजी काय, एवढा तमाशा केलेला माणूस एकदम हसला. "माहाच निंगाला ना. चूक माही. चाल सुनंदा, घरी."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाई जागची हलली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

"पाळीवर तुमचा अंगठा फोन लावून राहिला होता," ती हळूच म्हणाली. "मंग पान्यात कोन होतं?"

"पान्यात मीच होतो. आनखी कोन रायते?"

"मंग पाळीवर?"

भाऊजी नुसते हसत राहिले. ते हसणं मला आवडलं नाही.

बाई गेली नाही. नवऱ्यानं चूक कबूल केली तरी नांदत नाही, केवढा हा ताठा, असं आता दोन्ही गावं बोलतात. मीही तिला समजावलं, की कातडी नवी येते, रेघा भरून निघत असतील. पण भाऊजींनी तलाव एक दिवसही सोडला नव्हता, हे बोलता-बोलता मलाच आठवलं. बाईचं एकच म्हणणं. "त्या हातांची सवय हाये मले, भाऊ. हे ते हात नाहीत. ते पान्यातच रायले."

धंद्यातल्या जाणत्या माणसांना विचारून झालं. कोणी सॉफ्टवेअर म्हणतं, कोणी सेन्सर म्हणतं, आणि पिनचं विचारलं की विषय बदलतात. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

भाऊजी तिकडे मजेत आहेत, आपला फोन आपल्याच अंगठ्यानं खोलतात. आणि सकाळी बाईचा फोन अजूनही त्यांच्याच नावानं वाजतो. आधी ती हॅलो-हॅलो करून वैतागून ठेवून द्यायची. आता मागच्या खोलीत कानाला लावून बसते, आणि मला दुकानात ऐकू येतं, "बोला ना. मी ऐकून राहिली." पलीकडे पाणी वाजत असतं. ती फोन कापत नाही.