ऊन न लागलेला दरवाजा

सकाळी सहा चाळीसला थेल्मा ट्रेझाइस ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कमध्ये १९६४च्या होल्डन स्टेशन वॅगनचं बॉनेट उघडून इंजिनाचे आणि सांगाड्याचे क्रमांक कागदांशी ताडून पाहत होती. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. क्रमांक जुळले. गाडीचा हिरवा रंग उन्हाने पार विटला होता. मागचा, खाली उघडणारा दरवाजा मात्र नव्यासारखा चकाकत होता.

"हा नंतर रंगवलाय, स्टाव्रोस. निम्मी किंमत गेली."

मालक भडकला. "आईशप्पथ, ब्रश लावला नाही! आधी चष्मा पूस तुझा."

थेल्माने दरवाजा खाली पाडला. आतली बाजू टपाइतकीच विटलेली, खोक्यांच्या ओरखड्यांनी भरलेली.

"अरे, यावर करतोस काय तू?"

"जर्दाळू विकतो. बाबाही विकायचे. हंगामात दिवसभर उघडाच असतो, एरवी गाडी शेडमध्ये."

"म्हणजे बाहेरची बाजू कायम जमिनीकडे! तिला साठ वर्षं ऊनच लागलं नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "सगळा रंग मूळचा आहे! साठ हजार डॉलर. आता पॉलिश मारायला गेलास तर बघ!"

तिने तसं लिहून सही केली.

आज आठला विक्रीसाठी दरवाजा पुन्हा खाली पडेल. जर्दाळूंच्या हंगामाचे अजून नऊ दिवस उरलेत.