ना हरकत

वडील, दादा वर्तक, गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी गौरीने त्यांची रायफल जुन्या चादरीत गुंडाळली, काडतुसांचा डबा वेगळ्या पिशवीत घातला आणि रिक्षा करून पोलीस ठाणं गाठलं. घरात सुतक, दहाव्याची बोलणी चाललेली, आणि ही बाई बंदूक घेऊन निघाली, म्हणून नातेवाइकांत कुजबुज झाली. धाकटा भाऊ अजेय ओटीवर बसला होता. त्याने एवढंच विचारलं, "आजच जायला हवं का?" गौरीने चादरीची गाठ आवळली. परवान्याचा मालक मेला की त्याचं हत्यार घरात ठेवायचं नाही, हे दादांनीच तिला बजावून ठेवलं होतं. शिवाय अजेय घरात असताना ती रायफल तिथे नको, असं तिला वाटत होतं. हे मात्र ती कोणाला बोलली नाही.

काशीदच्या अलीकडे वर्तकांची नारळ-पोफळीची वाडी आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्राकडे जाणारा रस्ता. डोंगरातून रानडुकरं उतरतात, केळीचे कंद उकरतात, नारळाची नवी रोपं मुळासकट उपटून टाकतात. म्हणून दादांनी फार वर्षांपूर्वी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला आणि तीनशे पंधरा बोरची रायफल घेतली. गौरी सासरहून परत आली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. नवऱ्याने हात उचलला, तिने तोच हात पिरगाळला आणि पिशवी भरून एसटीत बसली, अशी त्या परत येण्याची हकीकत. दादांनी कारण विचारलं नाही. आठवडाभराने त्यांनी तिच्यासमोर रायफल उघडून ठेवली आणि नळीत गज कसा घालायचा ते दाखवलं.

समुद्राची हवा लोखंडाला खाते. दर पंधरवड्याला नळी पुसायची, बोल्ट काढून तेलाचा हात फिरवायचा, दस्त्याला जवसाचं तेल. चिंधी नळीतून निघाली की ती पांढरी दिसेपर्यंत थांबायचं नाही. हवेत बार काढायचा नाही, कारण वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. वाडीच्या डोंगराकडच्या टोकाला मातीचा जाड बांध होता, बार काढायचा तो त्याच्यात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, त्यामुळे दादा आवाजानेच जनावर पळवत. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा, निकाल लागला की परत आणायची आणि आधी गंज काढायचा. गौरीला हे सगळं आवडलं. तिच्या आयुष्यात इतकी वर्षं ज्याला जे वाटेल ते तो करत आला होता. इथे प्रत्येक गोष्टीला नियम होता आणि तो दादांनाही लागू होता.

अजेयचं आणि त्या रायफलीचं मात्र कधी जमलं नाही. एका दिवाळीला तो मित्रांना घेऊन आला. न्हावा शेव्याला माल पाठवणाऱ्या कंपनीत त्याला नुकतीच मोठी जागा मिळाली होती. दादा पूजेत असताना त्याने रायफल बाहेर काढली आणि फोटोसाठी एका मित्राच्या छातीवर रोखून उभा राहिला. दादा सोवळ्यातच बाहेर आले. रायफल त्याच्या हातातून काढून घेतली, बोल्ट मागे ओढून आत काही नाही हे पाहिलं, आणि सगळ्या मित्रांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. पुढच्या महिन्यात अलिबागला जाऊन त्यांनी परवान्यावर गौरीचं नाव चढवून घेतलं. मालकाच्या वतीने हत्यार वापरायला तिला मुभा मिळाली. त्या दिवसापासून भावाबहिणीत विस्तव जात नव्हता.

दादांचे दिवस झाले आणि गौरीने वारस म्हणून रायफल आपल्या नावावर करून मागितली. कचेरीत तिला सांगितलं की दुसऱ्या वारसाची ना हरकत लागेल. दुसरा वारस म्हणजे अजेय. आई आधीच गेलेली. गौरीने मन घट्ट करून त्याला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो.

रविवारी तो आला तो बायकोला, क्षिप्राला, घेऊनच. दोघांनी चहा घेतला, वाडीतून चक्कर मारली, आणि मग अजेयने दोन कागद टेबलावर ठेवले. एक रायफलीची ना हरकत. दुसरं हक्कसोड पत्र, वाडीवरचा गौरीचा हक्क त्याच्या नावे सोडून देणारं.

"एका सहीला एक सही," तो म्हणाला. "तुला बंदूक हवी, मला वाडी. राहायला घर आहेच तुला, कोणी हाकलत नाहीये."

गौरी म्हणाली, "वाडीच नसेल तर बंदूक कशाला? नारळाच्या फोटोची राखण करू?"

क्षिप्राने मध्ये पडून सांगितलं की ताई, रागावू नका, एवढ्या मोठ्या जागेचं एकट्या बाईने करायचं तरी काय. गौरीने दोन्ही कागद एकावर एक ठेवून सरळ केले, अजेयच्या पुढ्यात सरकवले आणि कपबशा उचलून आत निघून गेली. ती दोघं गेल्यावर ती मोरीत बराच वेळ बशा घासत बसली. एक फुटली.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हा अजेयचा हिशेब होता, आणि पहिलं वर्ष तो बरोबर ठरतोय असंच दिसत होतं. बार निघत नाही हे डुकरांना कळायला वेळ लागत नाही. ठमाबाई, वाडीत कामाला येणारी म्हातारी, सकाळी येऊन आधी नुकसान बघायची आणि मग घरात वर्दी द्यायची. "बाय, खालच्या अंगाची केल सगली उकरली. एक कंद ठेवला न्हाय." फटाके लावून झाले, पत्रे वाजवून झाले, जुन्या साड्यांचं कुंपण करून झालं. डुकरं साड्या तुडवून आत आली. पोफळीची नवी लागवड दोनदा केली आणि दोन्ही वेळा गेली. अजेय मधून मधून फोन करून वाडीची चौकशी करायचा. आवाज अगदी मऊ. त्या मऊपणाचाच गौरीला संताप येई.

मधल्या काळात ती ठाण्यात जाऊन रायफलीला तेल लावू द्या म्हणून विनंती करत होती. एकदा एका हवालदाराने दार उघडून तिला नुसती लांबून दाखवली. खोलीत ओल होती, रायफल भिंतीला टेकवून उभी होती, आणि नळीच्या तोंडाशी तांबडा थर चढलेला तिला दारातूनही दिसला. हात लावता येणार नाही, ती जमा वस्तू आहे, असं हवालदार म्हणाला. नियमाने त्याचं बरोबर होतं. गौरी बाहेर आली आणि रस्त्यावर उभी राहून तिने पहिल्यांदा भावाला मोठ्याने शिवी दिली. पानाच्या टपरीवरचा माणूस वळून बघायला लागला.

रस्ता सुचवला तो अलिबागच्या एका वकील बाईंनी, कल्पिता मोकल यांनी. वाटणीच्या दाव्यासाठी गौरी त्यांच्याकडे जात होती. त्या म्हणाल्या, वडिलांची रायफल मागणं सोडा. सातबाऱ्यावर तुमचं नाव वारस म्हणून लागलेलं आहे, जमीन तुम्ही कसता, तर नवा परवाना स्वतःच्या हक्काने मागा. त्याला भावाची ना हरकत लागत नाही.

गौरीला हे पटायला महिना गेला. दादांची रायफल सोडायची म्हणजे अजेयपुढे हरायचं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. शेवटी केळीचा उरलेला पट्टाही गेला, त्या सकाळी तिने अर्ज केला. नेमबाजीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागत होता, तोही तिने घेतला, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत पोटावर पडून. लोखंडी कपाट भिंतीत बसवून घेतलं. डॉक्टरांचा दाखला आणला. आता फक्त पोलीस चौकशी राहिली होती.

नेमका तेव्हाच अजेय एका हॉटेलवाल्याला जागा दाखवायला घेऊन आला. न विचारता. माणसांनी टेप काढली आणि पोफळीत मोजमाप सुरू केलं. गौरी तेव्हा झावळ्या तोडत होती. ती हातातल्या कोयत्यासकट तशीच पुढे गेली आणि टेपचं दुसरं टोक पायाखाली दाबून उभी राहिली. दावा चालू आहे, वाटणी झालेली नाही, तेव्हा इथून निघायचं, असं तिने सांगितलं. हॉटेलवाला निघाला. अजेय जागचा हलला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कोयत्याची मूठ गौरीच्या हातात गरम झाली होती, आणि त्या क्षणी हा माणूस नसता तर किती बरं झालं असतं, हा विचार तिच्या मनातून स्पष्ट शब्दांत गेला. तिने कोयता एका झाडाच्या बुंध्यात मारून तिथेच सोडला आणि घरात गेली.

चार दिवसांत अजेयची लेखी हरकत पोहोचली. बहीण तापट आहे, नवऱ्याला मारून माहेरी आलेली आहे, माझ्यावर कोयता उगारला, हिला हत्यार मिळालं तर माझ्या जिवाला धोका आहे.

पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजाऱ्यांचे जबाब घेणं आलंच. शेजार म्हणजे जैनुद्दीन. वीस वर्षं मस्कतला काढून परत आलेला, खालची वाडी त्याची. पाटाच्या पाण्यावरून त्याचं आणि गौरीचं असं भांडण झालं होतं की दोन्ही घरांचं येणंजाणं बंद. ईदचा शिरखुर्मा बंद, गणपतीचे मोदक बंद. त्याच्या दाराशी पोलीस गेलेले पाहून गौरीने मनात परवान्यावर पाणी सोडलं. कल्पिताबाईंनी मागाहून तिला जबाब वाचून दाखवला. जैनुद्दीनने तिच्याविषयी बरं म्हणून काही सांगितलं नव्हतं. बाई तोंडाने फाटकी आहे, पाण्याची चोर आहे, शेजारी म्हणून अल्लाने अशी कोणाला देऊ नये. मात्र पुढे तो म्हणाला होता, पाण्यावरून आमची शिवीगाळ झाली त्याच संध्याकाळी डुकरं उतरली, तेव्हा वर्तकांनी हिला बंदूक दिली तर हिने घेतली नाही. मी कुंपणाशीच होतो. आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तुम्हीच जा, असं बापाला म्हणाली. म्हातारा काठी टेकत गेला. हे खरं आहे म्हणून सांगतो, तिच्यासाठी सांगत नाही.

अलिबागला सुनावणी झाली. अजेय इस्त्रीच्या शर्टात आला होता. त्याने अधिकाऱ्यांना विचारलं, "उद्या मला काही झालं तर जबाबदार कोण?"

अधिकाऱ्यांनी गौरीकडे पाहिलं. कल्पिताबाईंनी तिला नेमकं काय बोलायचं ते घोकून दिलं होतं. तिने ते बाजूला ठेवलं.

"कोयता माझ्या हातात होता," ती म्हणाली. "मी झावळ्या तोडत होते. उगारला नाही. राग आला होता, आजही आहे, उद्याही असेल. याच्यावरचा राग जायला हवा अशी परवान्याची अट असेल तर मला परवाना देऊ नका. बंदुकीचे नियम पाळायचे अशी असेल, तर ते मी आजवर पाळलेत. याने मित्राच्या छातीवर रायफल रोखून फोटो काढला होता. त्याला विचारा."

अजेयचा चेहरा लाल झाला. तो फोटो लहानपणचा खेळ होता, असं तो म्हणाला. तेव्हा तो तिशीचा होता. अधिकाऱ्यांनी दोघांना थांबवलं आणि निर्णय लेखी कळवू म्हणाले. जिन्यात अजेयने तिला गाठलं. म्हणाला, "दादा असते तर लाज वाटली असती त्यांना तुझी." गौरी त्याला ओलांडून खाली उतरली.

परवाना मंजूर व्हायला पावसाळा उलटला. अटी बऱ्याच होत्या आणि काडतुसं मोजकी. तिने परवानाधारक दुकानातून जुनी रायफल घेतली, दादांच्याच बोरची. दस्ता तिच्या खांद्याला लांब पडत होता, तो तासून घेतला. डोंगराकडच्या बांधात तिने पहिला बार काढला तेव्हा ठमाबाईने कानावर हात ठेवले आणि म्हणाली, आता हाय वाडीला मालक. पुढची केळी टिकली. नंतर पोफळही धरली.

दादांच्या रायफलीचं काय करायचं, असं ठाण्यातून विचारणा आली. आता ना हरकत द्यायला तयार आहे, असा अजेयचा निरोप क्षिप्राने आणला. बदल्यात वाटणीच्या दाव्यात रस्त्याकडची बाजू त्याला हवी होती. गौरीने ठाण्यात जाऊन रायफल पाहिली. बोल्ट जाम झाला होता, नळी आतून खवल्याखवल्यांची. वर्षभर तेल मिळालं असतं तर ती वाचली असती. तिने तिथेच बसून, आपला दावा नाही, सरकारने विल्हेवाट लावावी, असं लिहून दिलं. घरी येऊन ती रडली, पण त्यात दुःखापेक्षा रागच जास्त होता, आणि तो तिने दाबलाही नाही.

वाटणीचा निकाल यथावकाश लागला. रस्त्याकडची बाजू अजेयलाच गेली. ती त्याने त्याच हॉटेलवाल्याला विकली आणि परत म्हणून त्या बाजूला फिरकला नाही. तिथे आता खोल्या आहेत, निळ्या पाण्याचा तलाव आहे आणि उंच भिंत आहे. जैनुद्दीनशी गौरीचं बोलणं अजूनही नाही. त्याने पाटाचं पाणी पुन्हा वळवलं तेव्हा तिने त्याच्या नावाने दारात उभं राहून तोंड सोडलं होतं, जबाबाची आठवण न ठेवता.

गेल्या हिवाळ्यात हॉटेलच्या मॅनेजरने तक्रार दिली की शेजारची बाई गोळ्या झाडते आणि पाहुणे घाबरतात. हवालदार मॅनेजरला घेऊनच आला. गौरीने परवाना दाखवला, काडतुसं मोजून दिली, रिकामी पितळी नळकांडी समोर ओतली, बांधातली जागा दाखवली. सगळं जुळलं. मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला, मॅडम, शनिवार-रविवार तेवढा सोडून बघता येईल का.

"डुकरांना विचारून सांगते," गौरी म्हणाली.

तिने दोघांना फाटकापर्यंत पोहोचवलं. चहाचं विचारलं नाही.