मास्तरांची तोंडं तपासणाऱ्या मोठ्या बाई

प्रार्थनेआधी फाटकात उभं राहून मुलांची नखं तपासणारे मुख्याध्यापक मी पुष्कळ पाहिले. आमच्या मोठ्या बाई फाटकात उभ्या राहायच्या त्या मास्तरांची तोंडं तपासायला. गाड्या लावून आम्ही आत येऊ लागलो की चष्मा कपाळावर सरकवून एक नजर टाकायच्या आणि निकाल द्यायच्या, "जा, चांगलं हाय." नाहीतर, "हे तोंड वर्गात न्यायचं न्हाई. ऑफिसात बस, पाणी पी. पहिला तास मी घेते." कुणी वाद घातलाच तर म्हणायच्या, "लेकरं फळ्याकडं मागून बघत्यात. आधी तुमच्याकडं बघत्यात."

ताडकळसच्या बाजूची ही जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. बाई पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. आवाज असा की मैदानाच्या पलीकडचं पोरगं जागच्या जागी थांबावं. मी परभणीहून ये-जा करणारी, कामाशी काम ठेवणारी. हा तोंडं बघण्याचा प्रकार मला मुळीच आवडला नव्हता. पहिल्याच आठवड्यात दोनदा ऑफिसात बसवल्यावर मी सरळ म्हटलं, "बाई, माझं तोंड असंच आहे. जन्मापासून."

"जन्माचं ऱ्हाऊ दे. आज काय झालंय तेवढं सांग."

सासूबाईंच्या औषधावरून सकाळी घरात वाजलं होतं. ते मी सांगितलं. बाईंनी ना सल्ला दिला, ना समजूत काढली. नुसतं "हं" म्हणाल्या आणि माझा वर्ग घ्यायला गेल्या. मला मात्र एकदम कडकडून भूक लागली. ऑफिसात बसून मी निम्मा डबा संपवला आणि दुसरा तास चांगला घेतला.

दुपारच्या सुट्टीचा बाईंचा नियम एकच होता: डब्याचं झाकण उघडलं की परिपत्रक बंद. त्याआधी काय रडायचं ते रडा, वरच्यांना शिव्या घाला. झाकण उघडल्यावर शाळेच्या कामाचं, कागदांचं नाव काढायचं नाही. नियम मोडणाऱ्यानं गाणं म्हणायचं. गणिताच्या कदम सरांच्या तोंडून एकदा घास घेता घेता "माहिती भरायची लिंक चालेना" एवढं निसटलं. त्यांना भारूड म्हणावं लागलं. ते इतकं बेसूर होतं की खिचडी शिजवणाऱ्या मावशी कुणाला काय झालं म्हणून धावत आल्या. आनंदी राहा, असं भाषण बाईंनी कधी दिलं नाही. त्या हसायला जागा करून द्यायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

कौतुकही त्यांचं असंच, मोजून-मापून. वर्गाच्या मागे थोडा वेळ बसायच्या आणि निघताना एकच गोष्ट सांगायच्या. "खिडकीपाशी बसती ती पोरगी आज आपणहून बोलली. तू काय केलंस ते तुला म्हाईत. उद्या परत कर." 'छान शिकवता' हे शब्द त्यांच्याकडून कुणीच ऐकले नाहीत. तरी त्या एका वाक्यावर आमचा आठवडा निघायचा.

त्या वर्षीचं दुसरं सत्र मात्र अंगावर आलं. एक जागा रिकामी, एक जण सर्वेक्षणाला गेलेला. कापूस वेचणीला गेलेली मुलं गोळा करत घरोघर फिरायचं, परत येऊन दोन-दोन वर्ग सांभाळायचे, आणि मोबाईलवर दिवसभर 'अति तात्काळ' माहितीची मागणी चालूच. सगळ्यात जास्त पिचला तो ढवळे. आमच्यात वयानं लहान, मेंढपाळाच्या घरातला, पहिली आणि चौथी एकत्र घेणारा. बाईंनी त्याला सलग काही दिवस ऑफिसात बसवून पाहिलं. तोंड काही उतरायचं थांबेना.

एका दुपारी त्यानं उघडलेला डबा परत बंद केला. "बाई, मी म्हैनाअखेर नोकरी सोडायलोय."

नियम मोडला होता, पण गाणं म्हण असं कुणी म्हणालं नाही.

"सोडून काय करणार?" बाईंनी विचारलं.

"आबासंग मेंढरं राखीन. मेंढरं तरी ऑनलाइन माहिती मागत न्हाईत."

आम्ही हसलो. तो हसला नाही. तो गेला तर जूनपर्यंत नवा माणूस मिळणार नव्हता, आणि जोडाक्षरांपर्यंत आलेली त्याची पहिली माझ्या वर्गाच्या गर्दीत ढकलली जाणार होती. हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आता बाई त्याच्या विनवण्या करणार, असं मी धरून चालले होते.

"मेंढरं कुठं हायेत सध्या?" बाई म्हणाल्या.

"इथंच शिवारात बसवलीत. खतासाठी."

"मग उद्या शाळेत घेऊन ये."

"अहो बाई, कुणी साहेब आले म्हणजे?" मी म्हटलं.

"त्यांनाबी मोजायला बसवू."

दुसऱ्या दिवशी खरोखरच मैदानात कळप. खांद्यावर घोंगडी टाकलेले ढवळेचे वडील अवघडून एका कडेला उभे. ढवळेनं टाळूवर जीभ लावून एक आवाज काढला आणि अख्खा कळप वळला. मागोमाग अख्खी पहिली तोच आवाज काढू लागली. चौथीनं मेंढरांच्या पायांचा गुणाकार केला, पहिलीनं कोकरांना त्यांच्या आया शोधून दिल्या. घंटा झाली तरी पोरं ढवळेच्या भोवतीच. त्याचे वडील बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आरं, येवढी लेकरं तुझं ऐकत्यात? माझी मेंढरंबी माझं येवढं ऐकत न्हाईत."

दिवाळीनंतर ढवळे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मेंढरांनी त्याची नोकरी वाचवली असं मी म्हणणार नाही. मैदान आम्हालाच झाडावं लागलं आणि संध्याकाळी नवी लिंक आलीच. खरं काम बाईंनी त्यानंतर केलं. ढवळेच्या वाट्याची ऑनलाइन माहिती त्यांनी स्वतःकडे आणि कदम सरांकडे घेतली. ढवळे पहिली शिकवत असला की त्याला कुणी हाक मारायची नाही, वरून फोन आला तरी, असं ठरवून टाकलं. महिनाअखेर आली आणि गेली. सोडायचं काय झालं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

सत्र संपलं आणि बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणांना त्यांनी बंदी घातली. "लय दमल्यात सगळे, जेवा आन् घरी जा," एवढंच. पदभार माझ्याकडे आला. किल्ल्या देताना म्हणाल्या, "फाटकात उभी ऱ्हाऊ नकोस. तुला ते जमायचं न्हाई. तुझं तू काहीतरी काढ."

बाईंचं बरोबर होतं. मला तोंडं वाचता येत नाहीत. म्हणून यंदा दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा मी सगळ्यांसमोर सरळच विचारलं, "आज कुणाला कुठला तास नको आहे? मी घेते." अशी गोष्ट आपण तोंडानं सांगू शकतो, हेच कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी ढवळे म्हणाला, "मॅडम, पहिलीचा सोडून कुठलाबी घ्या."

मी त्याची चौथी घेतली.