न आलेले पेशंट

डॉक्टरांनी जन्मभर लोकांना एकच हुकूम सोडला, "आ करा", आणि लोकांनी तो मुकाट पाळला. त्यामुळे आपण सांगू ते समोरचा ऐकतोच, अशी त्यांची एक समजूत झाली होती. या समजुतीला बायको सोडून कुणी धक्का लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दाताचा दवाखाना बंद केला आणि पाठ धरते असं सगळ्यांना सांगितलं. पाठ थोडीफार धरायची, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं.

काम थांबल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. डॉक्टरांनी शोधनिबंध लिहायला घेतला. आपला निबंध दातांच्या एखाद्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून यावा, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती, आणि तिच्या मुळाशी एक जुनं शल्य होतं.

कीड दातात फार खोल गेली की ती शेवटपर्यंत खरवडून काढायची, असं त्यांच्या शिक्षकांनी शिकवलं होतं. पण सगळी खरवडली की खालची नस उघडी पडते आणि दात जातो. डॉक्टर तसं करत नसत. तळाचा पातळ थर ते तसाच ठेवत, त्यावर चुन्यासारखं औषध लावून दात बंद करत आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडून बघत. बहुतेक वेळा तळ कडक झालेला असे, नस जिवंत असे. मग ते कायमची चांदी भरून पेशंटला रवाना करत. आज जगात पुष्कळजण असं करतात. त्या काळात मात्र हे ऐकून परिषदेतले बडे लोक हसले होते.

हसणारे परके होते, ते डॉक्टर विसरले. विसरले नाहीत ते ज्युनियरला. ज्युनियर त्यांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याच खुर्चीवर तयार झाला, आणि एके दिवशी पेशंटच्या देखत म्हणाला, "सर, आपण कीड झाकतोय." डॉक्टर म्हणाले, "मग तुझ्या दवाखान्यात उघडी ठेव." महिन्याभरात ज्युनियरने दोन गल्ल्या सोडून मोबाइलच्या दुकानावर स्वतःचा दवाखाना थाटला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. गावातल्या बाकी सगळ्यांची तोंडं मात्र दोघे वाटून पाहत होते.

तर निबंध. लिखाणाचं ठाणं जेवणाच्या टेबलावर होतं. डॉक्टर जुने केसपेपर घेऊन बसायचे आणि तोंडाने सांगायचे, बायको लॅपटॉपवर टाइप करायची. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. डॉक्टरांनी सुरुवातीला स्वतः टाइप करून पाहिलं होतं, पण एका अक्षराच्या जागी तीन उमटायला लागल्यावर कीबोर्ड भिकार आहे म्हणून त्यांनी तो तिच्याकडे सरकवला. कीबोर्ड नवाकोरा होता. बायकोने तो आपल्या पुढ्यात ओढला.

"अहो, 'अत्यंत यशस्वी' हे तीनदा आलंय," ती म्हणाली.

"मग?"

"तिन्ही काढते. यश किती ते आकडे सांगतील."

आकडे तर झकासच होते. शंभरातले एक्क्याण्णव दात वाचले होते. डॉक्टरांनी जुन्या कॉलेजच्या नीतिसमितीपुढे जाऊन रीतसर परवानगी आणली, क्ष-किरणांचे फोटो स्कॅन करून घेतले, सारांश अडीचशे शब्दांत बसवताना घरात दोन दिवस अबोला झाला, आणि अखेर निबंध गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. संदर्भ जर्नलच्या पद्धतीने लिहिलेले नव्हते, आणि लेखकाचं नाव निबंधाच्या आत नको असताना डॉक्टरांनी ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर घातलं होतं.

"परीक्षकांना लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं," बायकोने नियम वाचून दाखवला.

"का? मी काय चोरी केलीय?"

"नाव बघून कुणी भीड बाळगू नये म्हणून."

डॉक्टरांना ते पटलं नाही, पण नाव काढलं. निबंध दुसऱ्यांदा गेला आणि बरेच दिवस काहीच कळलं नाही. त्या काळात डॉक्टर दर तासाला ईमेल उघडत आणि मी काही वाट बघत नाहीये असंही सांगत. रोज सकाळी बागेत फिरताना वकिलांपुढे हेच दळण दळलं जाई. वकील म्हणजे डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे मित्र. कोर्टात बोलून बोलून दमलेला हा माणूस बाहेर मोजकंच बोलायचा. फिरून आल्यावर दोघे डॉक्टरांकडे चहा घेत. वकील बिस्किट चहात पार लोळागोळा होईपर्यंत बुडवत आणि डॉक्टर त्यावरून त्यांची रोज टर उडवत. "तुला दात दिलेत कशाला देवाने?" वकील हसून पुढचं बिस्किट बुडवत.

शेवटी उत्तर आलं. पहिल्या परीक्षकाने कौतुक करून दोन स्वल्पविराम सुधारले होते. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला होता: दर शंभरातले तीस पेशंट औषध भरल्यानंतर पुन्हा आलेच नाहीत, त्यांना लेखकाने बरे झाले असं धरलं आहे, ते कशाच्या आधारावर? याचं समाधानकारक उत्तर आल्याशिवाय निबंध स्वीकारता येणार नाही.

डॉक्टरांचा पारा चढला. "कशाच्या आधारावर म्हणजे? दुखलं असतं तर आले नसते का? दाताचं दुखणं कुणी अंगावर काढतं?"

बायको भाजी निवडत होती. "मी त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे परत गेले का?"

"शिंप्याचा काय संबंध?"

"त्याने माझ्या ड्रेसची वाट लावली. मी त्याला काही बोलले नाही, दुसरा शिंपी धरला. तो बिचारा अजून समजत असेल की बाईंना ड्रेस फार छान बसला."

डॉक्टर उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षं जो आला नाही तो बरा झाला, याच हिशेबावर ते निवांत झोपले होते. गावात दाताचे दवाखाने दोनच होते. न आलेले कुठे गेले असतील, हे कळायला परीक्षक कशाला हवा होता?

ज्युनियरच्या जिन्यापाशी जाऊन ते दोनदा परत फिरले. तिसऱ्या वेळी वर चढले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास होतोय, आजोबा?" डॉक्टर म्हणाले, "मला काही होत नाही," आणि रांगेत बसले. समोर एक बाई गाल धरून बसली होती. आपल्याही दवाखान्यात अशीच बाकं होती, हे त्यांच्या मनात आलं.

ज्युनियर बाहेर आला आणि दारातच थबकला. त्याचे केस पिकले होते. "सर, आत या," एवढंच म्हणाला आणि सवयीने पेशंटच्या खुर्चीकडे हात केला, मग ओशाळून स्टूल पुढे ओढलं.

डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. परीक्षकाचा प्रश्न सांगितला, नीतिसमितीचं पत्र आणि न आलेल्यांची यादी पुढे ठेवली. ज्युनियरने यादीवरून नजर फिरवली.

"यातले बरेच माझ्याकडे आलेत. पण पेशंटना विचारल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. एकेकाला फोन करून बोलावतो. तुम्ही इथे या, आपण दोघे मिळून बघू."

"काढावे लागले का पुष्कळ?"

"काही काढले. काहींची नस मेली होती." ज्युनियरने स्वतःसाठीही स्टूल जवळ ओढलं. "पण काहींचं मी उघडून बघितलं सर. तुमचं भरलेलं सगळं काढलं. खाली दगडासारखं कडक झालेलं होतं. गेली दहा वर्षं मीही तसंच करतो."

जे ऐकायला ते जन्मभर आसुसले होते, ते या माणसाने दहा वर्षं दोन गल्ल्यांपलीकडे स्वतःपाशी ठेवलं होतं. आनंद झाला आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला.

"मग सांगायला आला का नाहीस?"

"तुम्हीही कधी विचारायला आला नाहीत."

ज्युनियरने यादी पुन्हा वरपासून वाचली. "यात वकीलसाहेबांचं नाव नाही."

"त्याला कशाला शोधायचं? रोज भेटतो की. त्याचा दात मी बऱ्या झालेल्यांत धरलाय."

ज्युनियरने ट्रेमधली हत्यारं उगाचच सरळ केली. "रोज भेटता तर उद्या त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बागेत पहिली फेरी होण्याआधीच डॉक्टरांनी वकिलांना बाकावर बसवलं.

"आ कर."

"इथे?"

"आ कर म्हणतो ना."

वकिलांनी तोंड उघडलं. येणारे-जाणारे वळून बघत होते. डॉक्टरांनी मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड तोंडात एका जागी ठरेना, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. खाली डाव्या बाजूला, जिथे त्यांनी भरलेली दाढ असायला हवी होती, तिथे नुसती हिरडी होती, आणि तीही जुनी, गुळगुळीत झालेली. बिस्किटं का भिजत होती ते डॉक्टरांना तेव्हा कळलं.

"वकील असून खोटी साक्ष दिलीस," ते टॉर्च बंद करून म्हणाले.

"साक्ष दिलीच नाही. तू कधी विचारलंस? विचारल्याशिवाय साक्षीदार बोलत नसतो."

"चेष्टा पुरे. सांगितलं का नाहीस?"

वकिलांनी रुमालाने ओठ पुसले. "ज्युनियरने स्वतःचा दवाखाना थाटला त्याच आठवड्यात ती ठणकायला लागली. तू तेव्हा जेवत नव्हतास, झोपत नव्हतास. त्यात मी गाल सुजवून तुझ्या दारात कुठे उभा राहू? गेलो त्याच्याकडे, काढून टाकली. नंतर सांगण्यासारखं काही राहिलं नाही."

डॉक्टरांना आधी राग आला. मग भडभडून आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. इतकी वर्षं हा माणूस एका बाजूने चावत होता आणि वर आपली टिंगल हसून ऐकून घेत होता. त्या दिवशी बागेत फेरी झालीच नाही.

पुढचे काही महिने डॉक्टर ज्युनियरच्या दवाखान्यात नेमाने जात राहिले. पेशंट येत, डॉक्टर स्टुलावरून जुन्या केसपेपरातला दात सांगत, ज्युनियर तपासून नोंद घेई. मग डॉक्टरांनी बरे धरलेल्या, पण कधी न तपासलेल्या ओळखीच्यांनाही बोलावलं. त्यांतले बहुतेक खरंच बरे होते. काहीजण आपली फटफजिती झाल्यासारखे खाली मान घालून बसले, जणू दात पडला यात त्यांचीच चूक होती. एक्क्याण्णवाचे शहात्तर झाले. जे शेवटपर्यंत सापडलेच नाहीत, त्यांचा रकाना वेगळा झाला.

"शहात्तर काही वाईट नाहीत," बायको टाइप करताना म्हणाली.

"वाईट नाहीतच. आणि हे खरे आहेत," डॉक्टर म्हणाले. परीक्षकाला द्यायच्या उत्तरात त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं: आमचं गृहीत चुकीचं होतं. बायकोने ते एकही शब्द न कापता टाइप केलं. नियमाप्रमाणे नावांचं पान वेगळं जोडलं, त्यावर दुसरं नाव ज्युनियरचं होतं. पाठवा असं लिहिलेल्या बटणावर मात्र डॉक्टरांनी स्वतः बोट ठेवलं, आणि ते दोनदा दाबलं गेलं.

निबंध स्वीकारला गेला आणि यथावकाश छापून आला. बायको त्याच दिवशी जुना ड्रेस पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन आली. ती त्याला काय बोलली ते तिने सांगितलं नाही, पण तिचा चेहरा हलका दिसत होता.

सकाळी वकील चहाला आले तेव्हा डॉक्टरांनी छापील पानं त्यांच्यापुढे ठेवली.

"यात मी कुठेय?"

डॉक्टरांनी दुसऱ्या तक्त्यात 'काढावे लागलेले दात' या ओळीसमोरचा आकडा दाखवला. "यातला एक तू."

वकिलांनी चष्मा चढवून आकडा नीट न्याहाळला. "नाव नाही?"

"नावं घालत नाहीत."

"हं." वकिलांनी बिस्किट चहात बुडवलं.

"त्या जागी नवा दात बसवून घे आता," डॉक्टर म्हणाले. "उद्याच जाऊ."

"जाऊ म्हणजे? कुणाच्या दवाखान्यात?"

"ज्युनियरच्या. माझा हात थरथरतो."

वकिलांनी कप खाली ठेवला. बिस्किट आत तसंच राहिलं. "कधीपासून?"

"दवाखाना बंद केला, त्याच्या आधीपासून."

"म्हणजे पाठ नव्हती."

"पाठही होती थोडी."

"मला बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस," डॉक्टर म्हणाले, आणि दुसरा चहा ओतायला त्यांनी किटली बायकोकडे सरकवली.